कुनिओचा हरवलेला गणवेश

१९९० साली अमेरिकेतील एखाद्या घरात निन्टेन्डोच्या यंत्रात 'रिव्हर सिटी रॅन्सम' हा खेळ सुरू केला, की पडद्यावर दोन ठेंगणे, रुंद चेहऱ्याचे तरुण उभे राहत. एकाचे नाव अॅलेक्स, दुसऱ्याचे रायन. अंगात टी-शर्ट आणि जीन्स. शहर गुंडांच्या टोळ्यांनी व्यापलेले, शाळा स्लिक नावाच्या खलनायकाच्या ताब्यात आणि रायनची मैत्रीण सिंडी त्याच्या कैदेत. दोघांनी रस्त्यावर उतरायचे, वाटेत येईल त्याला लोळवायचे आणि सिंडीला सोडवायचे, एवढीच कथा.

त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १९८९ मध्ये, हाच खेळ जपानमधील मुलांच्या हाती पडला होता. तेथे त्याचे नाव होते 'डाउनटाऊन नेक्केत्सु मोनोगातारी', म्हणजे साधारणपणे 'गावभागातील सळसळत्या रक्ताची गोष्ट'. चेहरे तेच, ठोसे तेच, रस्तेही तेच. पण त्या दोन तरुणांची नावे होती कुनिओ आणि रिकी, आणि त्यांच्या अंगावर होता जपानी शाळेचा गणवेश.

वरवर पाहता नावे आणि कपडे एवढाच हा फरक. परदेशी बाजारात माल पाठवताना वेष्टन बदलावे, तसा. मात्र या खेळाची गोष्ट जवळून पाहिली, की ध्यानात येते की कथेचा जीव नेमका त्या गणवेशातच होता. तो उतरवल्यावर पात्रांचा भूतकाळ गेला, मैत्री आणि वैराचे संदर्भ गेले आणि नायक का लढतो याचे कारणही बदलले. तरीही अमेरिकेत त्या खेळावर लोकांनी जीव लावला. एक कलाकृती दोन देशांत दोन वेगळी आयुष्ये कशी जगते, याचे इतके बोलके उदाहरण व्हिडिओ गेमच्या इतिहासात क्वचितच सापडते.

शाळेतील भांडणांतून जन्मलेला नायक

एका बाजूने चालत जायचे आणि अंगावर धावून येणाऱ्या टोळ्यांना ठोसे-लाथांनी आडवे करायचे, या प्रकारच्या खेळांना 'बीट एम अप' म्हणतात. मुंबई-पुण्यातील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये १९९० च्या दशकात नाणी खर्च केलेल्या पिढीला हा प्रकार नव्याने समजावून सांगायला नको. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ त्यातील मुस्तफा कैरो या पात्रामुळे आपल्याकडे सरसकट 'मुस्तफा' याच नावाने ओळखला जाई. त्या मुस्तफाच्या घराण्याचा मूळ पुरुष शोधू लागले, तर वाट १९८६ च्या जपानपर्यंत जाते.

त्या वर्षी टेक्नॉस जपान या कंपनीने पार्लरसाठी 'नेक्केत्सु कोहा कुनिओ-कुन' हा खेळ आणला. त्याचे कर्ते योशिहिसा किशिमोतो. आपल्या शालेय वयातील मारामाऱ्यांच्या आठवणींतून हा नायक घडवल्याचे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. कुनिओ हे नाव मात्र टेक्नॉसचे प्रमुख कुनिओ ताकी यांच्यावरून घेतले होते. नावापुढील 'कुन' हे मुलांना उद्देशून वापरायचे सलगीचे संबोधन.

या खेळात दोन गोष्टी नवीन होत्या. त्याआधीच्या अशा खेळांत नायक बहुधा एका सरळ रेषेत डावीकडे-उजवीकडे फिरे. कुनिओ मात्र पडद्यावर वर-खाली, म्हणजे रस्त्याच्या रुंदीतही चालू शकत होता. त्यामुळे शत्रूला वळसा घालणे, कोंडीतून निसटणे, पाठीमागून गाठणे शक्य झाले. दुसरी गोष्ट बटणांची. एक बटण डावीकडे प्रहार करण्याचे, दुसरे उजवीकडे प्रहार करण्याचे. समोरच्याला ठोसा आणि मागून येणाऱ्याला लाथ, अशी घेरावातल्या भांडणाची खरी रीत त्यातून साधली जाई. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, किशिमोतो यांनी याच पायावर 'डबल ड्रॅगन' उभारला आणि हा प्रकार जगभर पसरला.

डगल्याचा अर्थ

कुनिओच्या अंगावरचा गणवेश म्हणजे जपानी मुलांचा 'गाकुरान'. उभ्या कॉलरचा, पुढे गुंड्या असलेला हा डगला मेइजी काळात युरोपीय लष्करी पोशाखाच्या धर्तीवर घडला आणि पुढे शाळा-महाविद्यालयांत रूढ झाला. शिस्तीचे प्रतीक म्हणून आलेल्या या कपड्याचे बंडखोर मुलांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत बंडाच्या निशाणात रूपांतर केले. कोणी डगला गुडघ्यापर्यंत लांब शिवून घेई, कोणी विजार फुग्यासारखी घोळदार करी. १९८० च्या दशकाच्या आरंभी शाळांतील हिंसाचार हा जपानमध्ये राष्ट्रीय चर्चेचा विषय होता. त्याच काळात अशा वांड मुलांना नायक करणाऱ्या चित्रकथाही तुफान खपू लागल्या. १९८३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली 'बी-बॉप हायस्कूल' ही त्यांपैकी सर्वांत गाजलेली. १९८५ पासून तिच्यावर चित्रपटही निघाले.

या पार्श्वभूमीवर शीर्षकातील दोन शब्द महत्त्वाचे ठरतात. 'नेक्केत्सु' म्हणजे तप्त रक्त, आणि तेच कुनिओच्या शाळेचे नाव. 'कोहा' म्हणजे कणखर वृत्तीचा पुरुष. पण या कणखरपणाला एक विशिष्ट चौकट आहे. कोहा मुलगा दिलेल्या शब्दाला जागतो, दुर्बळावर हात टाकत नाही, मित्रासाठी मार खातो आणि मुलींच्या मागे फिरणे कमीपणाचे मानतो. मुलींशी गुलूगुलू बोलणारा तो 'नान्पा', म्हणजे मऊ गोटातला. कोहा त्याच्या नेमका उलट.

म्हणूनच १९८६ च्या खेळात कुनिओ लढतो तो हिरोशी नावाच्या शाळकरी मित्रासाठी. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला कोणी ना कोणी या गरीब मुलाला बदडते आणि कुनिओ त्याचा जाब विचारायला धावतो. कधी दुसऱ्या शाळेची टोळी, कधी मोटारसायकलस्वारांचा जथा, कधी मिसुझु या धिप्पाड मुलीची टोळी आणि अखेरीस साबु नावाचा खराखुरा गुन्हेगार. प्रेमकथेला येथे जागाच नाही. खेळाचे नावच तसे सांगते.

मित्राच्या जागी मैत्रीण

हा खेळ अमेरिकेत न्यायचे ठरले, तेव्हा अडचण उघड होती. अमेरिकेतील बहुसंख्य सरकारी शाळांत गणवेश नव्हता. तो डगला पाहून तेथील मुलाला शाळा आठवली नसती, की बंडही आठवले नसते. तेव्हा चित्रे बदलण्याचे काम टेक्नॉसनेच केले आणि तायतो कंपनीने तो खेळ 'रेनेगेड' या नावाने तेथे वितरित केला. या नव्या रूपासाठी किशिमोतो यांच्या नजरेसमोर वॉल्टर हिल यांचा १९७९ चा 'द वॉरियर्स' हा न्यूयॉर्कमधील टोळ्यांवरचा चित्रपट होता. जपानी रेल्वेस्थानकाचा फलाट अमेरिकी भुयारी रेल्वेचा झाला, शाळकरी पोरांचे रस्त्यावरचे दादा झाले आणि डगल्याच्या जागी बिनबाह्यांचे जाकीट आले.

आणि हिरोशी नाहीसा झाला. अमेरिकी नायक लढतो तो आपल्या मैत्रिणीला सोडवण्यासाठी. शेवटी ती धावत येऊन त्याला बिलगते. कोहा या शब्दाचा जो गाभा, त्याच्या हे थेट विरुद्ध होते. पण कोहा हा शब्दच शीर्षकातून निघून गेल्यावर विसंगती जाणवणार कोणाला? नायकाच्या हातापायांची एकही हालचाल न बदलता त्याचे शील बदलले गेले.

आणखी एक धागा येथे तुटला. मूळ खेळाच्या पहिल्या टप्प्याचा म्होरक्या होता हानाझोनो शाळेचा रिकी. 'रेनेगेड'मध्ये तो जॅक झाला, आणि अनेक म्होरक्यांपैकी एक एवढीच त्याची ओळख उरली. जपानी मुलांच्या मनात मात्र कुनिओ आणि रिकी यांचे वैर पक्के बसले. तीन वर्षांनी त्याचे महत्त्व कळणार होते.

ठोसे, पुस्तके आणि फुकटचे हास्य

'डाउनटाऊन नेक्केत्सु मोनोगातारी' हा घरगुती यंत्रासाठी, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमसाठी केलेला खेळ. पार्लरमधील खेळाला नाणी गिळायची असतात, त्यामुळे तो थोडक्यात आणि कठीण असावा लागतो. घरच्या खेळाला माणसाला बसवून ठेवायचे असते. टेक्नॉसने या फरकाचा विचार करून मारामारीत एक आख्खे गाव वसवले.

या गावात टप्पे असे नाहीत. रस्ते एकमेकांना जोडलेले असून मनाला येईल तसे पुढे-मागे जाता येते. लोळवलेल्या शत्रूच्या खिशातून नाणी पडतात. ती गोळा करायची आणि बाजारपेठेत जाऊन खर्च करायची. तेथे खाणावळी, कपड्यांची, पादत्राणांची, औषधांची आणि पुस्तकांची दुकाने आहेत. खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाने अंगातील कुठला ना कुठला गुण वाढतो. कुठल्याने ठोसा, कुठल्याने लाथ, कुठल्याने सहनशक्ती. पण खाऊन पाहिल्याशिवाय ते कळत नाही. पुस्तक विकत घेऊन वाचले, की नवी युक्ती अवगत होते. एका पुस्तकाने हात विजेसारखे चालू लागतात, दुसऱ्याने पाय. मारामारी शिकण्यासाठी पुस्तकाच्या दुकानात जावे लागते, ही कल्पना आजही गंमतशीर वाटते.

रस्त्यावरची प्रत्येक वस्तू शस्त्र होऊ शकते. कचऱ्याचा डबा, टायर, साखळी, लाकडी खोके, एवढेच काय, बेशुद्ध पडलेला शत्रूही उचलून दुसऱ्यावर फेकता येतो. दोघे जण एकत्र खेळू शकतात, आणि एकमेकांना मार लागावा की लागू नये हे आधी ठरवता येते. लागावा असे ठरवले, तर खेळातील भांडण बाहेर सतरंजीवर येण्यास वेळ लागत नाही. हरलात तर खेळ संपत नाही. निम्मे पैसे जातात आणि मागच्या बाजारपेठेतून पुन्हा सुरुवात होते. मिळवलेले गुण टिकवण्यासाठी अमेरिकी खेळाडू पडद्यावरचा लांबलचक सांकेतिक शब्द कागदावर उतरवून ठेवत. त्यात एक अक्षर चुकले, की सारी मेहनत वाया.

गुण वाढवत नेणे हे त्या काळी शांत, संथ भूमिकाप्रधान खेळांचे वैशिष्ट्य होते. ते धसमुसळ्या मारामारीशी जोडण्याचा हा प्रयोग त्या वेळी नवा होता. आज अशी सरमिसळ इतकी रुळली आहे, की ती कधीकाळी विक्षिप्त वाटत असेल हेच विसरायला होते.

कपडे बदलले, स्नानगृह राहिले

अमेरिकेसाठी हा खेळ सजवताना कात्री बरीच चालली. गाकुरान गेला, टी-शर्ट आला. येनचे डॉलर झाले. मूळ कथेतील रेइहो शाळेचे नाव रिव्हर सिटी हायस्कूल झाले आणि तिचा कब्जा घेणारा यामादा स्लिक झाला. मूळ खेळातील शत्रू वेगवेगळ्या शाळांचे विद्यार्थी होते. अमेरिकी आवृत्तीत त्यांच्या नऊ टोळ्या झाल्या. शाळकरी अस्मितेची जागा शर्टांच्या रंगांनी घेतली.

येथे तो तुटलेला धागा पुन्हा आठवावा लागतो. जपानी मुलासाठी कुनिओच्या शेजारी रिकी उभा राहणे ही घटना होती. तीन वर्षांपूर्वी ज्याला फलाटावर झोडपले, तोच आता मैत्रिणीच्या सुटकेसाठी कुनिओच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. वैऱ्याचा मित्र होतो, हा या खेळाचा भावनिक गाभा. अमेरिकी मुलासाठी अॅलेक्स आणि रायन हे पहिल्या क्षणापासूनचे दोस्त. जॅक आणि रायन एकच, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

काही गोष्टी मात्र कात्रीतून सुटल्या, आणि त्याच अमेरिकी आवृत्तीच्या विशेष प्रिय खुणा ठरल्या. जपानी वस्तीतील सार्वजनिक स्नानगृहाचे नाव बदलून हेल्थ क्लब केले गेले, पण नायक तेथे उघडाच अंघोळ करतो आणि त्याची पाठमोरी आकृती स्पष्ट दिसते. निन्टेन्डोची अमेरिकी शाखा त्या काळी नग्नता, दारू, धार्मिक चिन्हे यांबाबत अतिशय कडक असूनही हे दृश्य टिकले. दुसरे उदाहरण बर्गरच्या दुकानातील. तेथील खाद्यपदार्थांच्या यादीत 'हास्य' असा एक पदार्थ आहे आणि त्याची किंमत शून्य. अमेरिकी मुलांना ही निव्वळ वेडगळ गंमत वाटली. जपानी मुलांना तिचा उगम ठाऊक होता. जपानमधील मॅक्डोनल्ड्सच्या दरपत्रकावर 'हास्य, शून्य येन' अशी ओळ खरोखरच छापलेली असे. एकच विनोद, पण एका देशात तो ओळखीचा चिमटा आणि दुसऱ्या देशात अगम्य लहर.

भाषांतरकारांनी पदरची भरही घातली. मार खाल्लेले शत्रू कोसळताना पडद्याच्या तळाशी काहीबाही बडबडतात. त्यांतील 'बार्फ' हा उद्गार अमेरिकी खेळाडूंच्या तोंडी असा बसला, की तीन दशकांनंतरही त्या एका शब्दावरून जुने खेळाडू एकमेकांना ओळखतात. 'बार्फ' म्हणजे ओकारी. हा विनोद इंग्रजीतच जन्मला. जपानी मूळ वाचणाऱ्याला तो सापडणार नाही.

जोडीने येणाऱ्या दोन भावांची गंमतही अशीच विभागली गेली. जपानी खेळात ते र्‍युइची आणि र्‍युजी हात्तोरी, अमेरिकेत रँडी आणि अँडी. त्यांच्याशी लढत सुरू झाली, की 'डबल ड्रॅगन'चे प्रसिद्ध संगीत वाजू लागते. नावे बदलली तरी सूर तोच राहिल्यामुळे टेक्नॉसचा हा स्वतःच्याच खेळाला केलेला नमस्कार दोन्ही देशांतील मुलांना उमगला.

युरोपात हाच खेळ 'स्ट्रीट गँग्ज' या तिसऱ्या नावाने विकला गेला. म्हणजे एका खेळाची तीन शीर्षके झाली.

एक मुलगा, अनेक नावे

प्रश्न एका खेळाचा असता, तर गोष्ट येथेच संपली असती. पण जपानमध्ये कुनिओ हे एक मोठे कुटुंब होते. तो डॉजबॉल खेळला, फुटबॉल खेळला, मैदानी स्पर्धांत उतरला, १९९१ मध्ये तर जुन्या सामुराई काळातील नाटकात काम करणारा नट म्हणूनही अवतरला. प्रत्येक खेळात तोच चेहरा, तेच सवंगडी, तेच हेवेदावे. दरवर्षी नवा भाग वाचावा तशी मुले त्यांची वाट पाहत.

अमेरिकेत मात्र हे भाग सुटे सुटे पोहोचले, आणि दर वेळी नायकाचे नवे बारसे झाले. 'रेनेगेड'च्या घरगुती आवृत्तीत तो मिस्टर के. 'सुपर डॉजबॉल'मध्ये तो अमेरिकेच्या संघाचा कर्णधार सॅम. या खेळात जगभरच्या संघांशी सामने होतात आणि त्यांत भारताचाही संघ आहे. 'रिव्हर सिटी रॅन्सम'मध्ये तो अॅलेक्स. १९९२ च्या 'क्रॅश अँड द बॉइज'मध्ये तो क्रॅश. चारही खेळ ज्याच्या कपाटात होते, त्या अमेरिकी मुलालाही आपण एकाच माणसाला चारदा भेटलो, हे ठाऊक नव्हते.

असे का झाले, याचे उत्तर त्या काळच्या व्यवहारात आणि यंत्रात आहे. अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार १९८३ मध्ये कोसळला होता. निन्टेन्डोने तो नव्याने उभा केला, त्यामुळे 'परके' वाटेल असे काही विकण्याचे धाडस फारसे कोणी करत नव्हते. प्रत्येक खेळाचा हिशेब स्वतंत्र होई; मालिका म्हणून विचार करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

यंत्राच्या मर्यादाही तितक्याच निर्णायक होत्या. फॅमिकॉमवरील प्रत्येक आकृती ८ बाय ८ ठिपक्यांच्या लहान चौकोनांची बनलेली असे आणि अशा चौकोनात पारदर्शक भाग सोडून फक्त तीन रंग वापरता येत. शरीराचे काही चौकोन नव्याने काढले, की डगल्याचा शर्ट होई. चेहऱ्याला, हालचालींना, रस्त्यांना हात लावायची गरज नसे. म्हणूनच रिव्हर सिटी हे अमेरिकी म्हणवणारे शहर बारकाईने पाहिले, तर त्याच्या रस्त्यांवर, पुलांवर आणि शाळेच्या इमारतीवर जपानी उपनगराची छाया तशीच दिसते. कपडे अमेरिकी, गाव जपानी, अशी ती अवस्था.

भारतातील घरांत मात्र चित्र वेगळे होते. १९९० च्या दशकात आपल्या शहरांत मिळणारी स्वस्त 'टीव्ही गेम' यंत्रे बहुतांशी जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असत, अमेरिकी यंत्राच्या कॅसेटला ७२. नकली यंत्रे ६० पिनांची असल्याने त्यांत शिरणाऱ्या 'अनेक खेळ एकात' प्रकारच्या कॅसेटमध्ये जपानी आवृत्त्यांच्या नकला सर्रास असत. पडद्यावरचे अक्षरही वाचता येत नसताना अनेक भारतीय मुले जपानी खेळ त्यांच्या मूळ वेषात खेळत होती. अमेरिकी मुलांना शब्द मिळाले पण संदर्भ गेला. येथे संदर्भ शाबूत होता, पण तो उलगडणारे शब्द नव्हते.

रूपांतराची कसोटी

मराठी वाचकाला रूपांतर ही गोष्ट नवी नाही. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, पु. ल. देशपांडे यांनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली. लंडनच्या रस्त्यावरील फुलवालीची बोली पुलंनी जशीच्या तशी आणली नाही. बोलीवरून माणसाची पायरी ठरते, हा मूळ नाटकाचा गाभा ओळखून त्यांनी त्याला मराठी देह दिला. वरचे सगळे बदलूनही आतले राखणे, ही रूपांतराची कसोटी.

या कसोटीवर 'रेनेगेड' उतरत नाही. मित्रासाठी लढणारा नायक मैत्रिणीसाठी लढू लागला, तेथेच गाभा निसटला. 'रिव्हर सिटी रॅन्सम'चे मोजमाप अधिक अवघड आहे. त्यानेही वैर आणि मैत्रीचा इतिहास गमावला. पण मूळ खेळाचा मिस्कील स्वभाव त्याच्या भाषांतरकारांनी ओळखला आणि स्वतःच्या भाषेतील विनोदाने तो जिवंत ठेवला. त्यामुळे ती केवळ नक्कल न राहता स्वतंत्र व्यक्तिमत्त्वाची कृती झाली.

गणवेश परत मिळाला

टेक्नॉस जपान १९९६ मध्ये बंद पडली. त्या कंपनीतील माणसांनी उभारलेल्या मिलियन या संस्थेने पुढे कुनिओला जिवंत ठेवले. २००४ मध्ये गेमबॉय अॅडव्हान्ससाठी या खेळाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हाही अमेरिकेत अॅलेक्स आणि रायन हीच नावे राहिली. २०१५ मध्ये टेक्नॉसच्या खेळांचे हक्क आर्क सिस्टम वर्क्सकडे आले.

एव्हाना जग बदलले होते. जपानी चित्रकथा आणि अॅनिमेशनपट पाहून वाढलेल्या पाश्चात्त्य तरुणांना गाकुरान परका राहिला नव्हता. २०१६ मध्ये अमेरिकेत आलेल्या एका खेळात कुनिओ स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गणवेशात अवतरला. गंमत अशी, की जुन्या खेळाडूंना ओळख पटावी म्हणून त्या खेळाचे नाव ठेवले गेले 'रिव्हर सिटी: टोकिओ रंबल'. टोकिओत घडणाऱ्या कथेला कधीच अस्तित्वात नसलेल्या अमेरिकी शहराचे नाव लागले. मूळ कृतीला आपल्याच भाषांतराचे आडनाव लावावे लागले, असे क्वचित घडते.

२०१९ मध्ये वेफॉरवर्ड या अमेरिकी कंपनीने केलेला 'रिव्हर सिटी गर्ल्स' त्याच्याही पुढे गेला. त्यात कुनिओ आणि रिकी यांचे अपहरण झाले आहे आणि त्यांना सोडवायला निघतात मिसाको आणि क्योको या दोन मुली. १९८६ च्या पहिल्या खेळातील मिसुझु आणि साबु ही नावेही येथे परतली. मित्राच्या जागी मैत्रीण बसवण्यापासून सुरू झालेला प्रवास मैत्रिणींनीच नायकाला सोडवण्यापर्यंत येऊन पोहोचला.

फेब्रुवारी २०२० मध्ये 'डबल ड्रॅगन अँड कुनिओ-कुन' हा अठरा जुन्या खेळांचा संच जगभर प्रसिद्ध झाला. त्यातील अकरा खेळ प्रथमच अधिकृतपणे इंग्रजीत आले. या नव्या भाषांतरांत नायक कुनिओच आहे. पण त्याच संचात 'रिव्हर सिटी रॅन्सम' आहे तो १९९० च्याच रूपात, अॅलेक्स आणि रायन यांच्यासह. संचाच्या कर्त्यांनी जुनी नावे पुसून टाकली नाहीत.

हा निर्णय योग्य म्हणावा लागेल. एका पिढीने अॅलेक्स म्हणून ज्याच्यावर माया केली, त्याला खोटा ठरवणे म्हणजे त्या पिढीच्या बालपणालाच खोटे ठरवणे. आता एकाच यादीत एका ओळीवर टी-शर्टमधला अॅलेक्स उभा आहे आणि दुसऱ्या ओळीवर डगल्यातला कुनिओ. पहिल्यांदाच खेळणाऱ्या मुलालाही दोघांचे चेहरे पाहून कळेल, की हा मुलगा एकच आहे. तीस वर्षांपूर्वी त्याच्या वयाच्या मुलांना हे कळण्याची सोय नव्हती.